रेडिओनं न सांगितलेली २८ नावं

'अ कम्प्लीट अननोन' हा बॉब डिलनवरचा पिक्चर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात सुरुवातीलाच १९ वर्षांचा डिलन गिटार घेऊन न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात जातो. खाटेवरच्या माणसाला बोलता येत नाही, हातपाय ताब्यात नाहीत. डिलन त्याच्यावर लिहिलेलं गाणं त्यालाच म्हणून दाखवतो. मग कॅमेरा डिलनच्या मागे निघून जातो आणि तो माणूस खोलीतच राहतो. पिक्चर डिलनचा आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण मी त्या खाटेवरच्या माणसाचा फॅन आहे. त्याचं नाव वुडी गथ्री.

गथ्रीनं तीनेक हजार गाणी लिहून ठेवली. त्यातल्या बहुतेकांना चालच नाही, नुसते शब्द आहेत. वह्यांत, पाकिटांच्या पाठीवर, टाइप केलेल्या कागदांवर. सगळ्यांना माहीत असतं ते 'धिस लँड इज युवर लँड'. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ते पोरं तालात म्हणतात. माझ्या मते मात्र त्याचं सगळ्यात मोठं लेखन एका विमान अपघाताबद्दल आहे, आणि ते गाणं लोकांमध्ये पसरलं तोवर तो स्वतः हॉस्पिटलमध्ये पोचला होता.

२८ जानेवारी १९४८. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून एक विमान दक्षिणेला एल सेंट्रोकडे निघालं. इमिग्रेशन खात्यानं भाड्यानं घेतलेलं. आत २८ मेक्सिकन शेतमजूर, तीन कर्मचारी आणि एक पहारेकरी. एल सेंट्रोला हद्दपारीचं केंद्र होतं. तिथून मजुरांना सीमेपार सोडायचं होतं. कोलिंगा गावाच्या पश्चिमेला लॉस गॅटोस कॅन्यनवर डाव्या इंजिनाला आग लागली, पंख तुटला आणि विमान दरीत कोसळलं. ३२ पैकी एकही वाचला नाही.

हे मजूर कोण होते हे थोडं सांगायला हवं, नाहीतर गाणं हवेत राहतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची माणसं सैन्यात आणि कारखान्यांत गेली, शेतात हात उरले नाहीत. म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेनं मेक्सिकोशी करार केला: मजूर पाठवा, हंगामापुरते. 'ब्रासेरो' योजना म्हणतात ती हीच. 'ब्रासो' म्हणजे स्पॅनिशमध्ये बाहू; ब्रासेरो म्हणजे हातानं राबणारा. ही योजना १९६४ पर्यंत चालली. कंत्राट संपलं की परत जायचं. काही जण कंत्राटावर येत, काही नदी ओलांडून कागदांशिवाय येत, आणि शेतमालकांना दोन्ही प्रकारचे मजूर चालत, कारण फळ तोडणारा हात कागद दाखवत नाही. हंगाम संपला की सरकारला मात्र कागद आठवायचे. विमानातल्या २८ जणांत दोन्ही प्रकारचे लोक होते.

मोठ्या पेपरांत बातमी आली. विमानाचा पायलट, त्याची बायको (तीच विमानात परिचारिका होती), सहवैमानिक, पहारेकरी यांची नावं छापली गेली. बाकीचे २८ 'हद्दपार केले जात असलेले मेक्सिकन'. फ्रेस्नो शहरातल्या होली क्रॉस स्मशानभूमीत त्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं आणि वर एक छोटी पाटी लावली: अमुक तारखेला कोलिंगाजवळ विमान अपघातात मेलेले २८ मेक्सिकन नागरिक.

गथ्री तेव्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर राहत होता. बातमीत नावं नाहीत हे त्याला खुपलं आणि त्यानं 'प्लेन रेक अ‍ॅट लॉस गॅटोस' लिहिलं. लोक त्याला 'डिपोर्टी' म्हणूनच ओळखतात.

आता गाण्याकडे. हे गाणं मी मराठीत करायचा प्रयत्न गेली दोन वर्षं अधूनमधून करतोय आणि एका शब्दावर अडलोय. तो शब्द अवघड नाही, शाळेतल्या पहिल्या धड्यात येतो. इंग्रजीतला 'वी'.

गाणं माणसांपासून सुरू होत नाही, फळांपासून सुरू होतं. पीक निघालंय, जास्तीचं फळ सडतंय, संत्री रसायन ओतून फेकून दिली आहेत. हे काव्य नाही, धोरण होतं. भाव पडू नये म्हणून माल नष्ट करायचा प्रकार तिथे खरोखर चालायचा. स्टाइनबेकच्या 'ग्रेप्स ऑफ रॅथ' मध्येही तो आहे. पहिल्याच ओळींत गथ्री दोन गोष्टी शेजारी ठेवतो: जास्त झालेलं फळ आणि जास्त झालेला मजूर. दोघांची विल्हेवाट. पण तो 'बघा, दोन्ही सारखेच' असं म्हणत नाही. शेजारी ठेवतो आणि पुढे जातो.

या कडव्यात मजूर म्हणजे 'ते' आहेत. बातमीतल्यासारखेच. दुसऱ्या कडव्यात अचानक आवाज बदलतो आणि कोणीतरी आपल्या आजोबांबद्दल, भावाबहिणींबद्दल बोलायला लागतं. तिसऱ्यापर्यंत 'आम्ही' झालेलं असतं: आमच्यातले काही बेकायदा, काही नकोसे. चौथ्या कडव्यात हे 'आम्ही' मेलेले आहेत, आणि ज्यांच्या डोंगरांत मेले त्यांना 'तुमचे डोंगर' म्हणताहेत. म्हणजे मेलेला माणूस थेट ऐकणाऱ्याशी बोलतोय. मग पाचव्यात विमान पेटतं. लक्षात घ्या, अपघाताबद्दलच्या गाण्यात अपघात पाचव्या कडव्यात येतो! तोवर गथ्रीनं आपली त्या माणसांशी तीन पिढ्यांची ओळख करून दिलेली असते. शेवटच्या कडव्यात एक प्रश्न आहे: फळबागा वाढवायची हीच का सगळ्यात चांगली पद्धत? आणि इथे पुन्हा 'वी' येतो. पण हा 'वी' वेगळा आहे. हा फळ खाणाऱ्यांचा आहे.

इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मराठीत मात्र निवडावं लागतं. मधल्या कडव्यांत 'आम्ही': तुम्ही त्यात नाही, तुमच्याशी बोलतोय. शेवटी 'आपण': मी, तुम्ही, सगळे, सकाळी संत्र्याचा ज्यूस पिणारे. आम्ही मेलो, आपण खातो. इंग्रजी ऐकणारा ही शिवण न जाणवता ओलांडून जातो. गाणं सुरू असताना तो मजुरांच्या बाजूला असतो आणि संपताना गुपचूप मालकांच्या रांगेत उभा केलेला असतो. मराठीत 'आपण' म्हटलं की ती शिवण उघडी पडते. गथ्रीचा डाव मराठी व्याकरण फोडून टाकतं. मला अजून ठरवता येत नाहीये की यानं गाणं बिघडतं की सुधारतं.

ध्रुवपदातली करामत याहून साधी आहे. तिथे चार नावं आहेत, हुआन, रोसालिता, हेसूस आणि मारिया, आणि त्यांना मित्र म्हणून दिलेला निरोप. नावं गथ्रीनं मनानं घातलेली, कारण खरी त्याला माहीत नव्हती. आपल्याकडे कुणी संतोष, सुनीता, गणेश म्हणावं तशी, गल्लीगल्लीत सापडणारी. आणि मग लगेच सांगणं की विमानात बसल्यावर तुमचं नाव उरणार नाही. प्रत्येक कडव्यानंतर हे ध्रुवपद येतं, म्हणजे प्रत्येक वेळी नावं दिली जातात आणि काढून घेतली जातात. सहा वेळा.

'डिपोर्टी' हा शब्दही सोपा नाही. आपला 'तडीपार' शब्द गुंडांसाठी राखलेला आहे. 'हद्दपार' जवळचा, पण त्यात थोडं राजेशाही नाट्य आहे. इंग्रजी शब्द कोरडा, ऑफिसातला आहे. फॉर्मवरच्या रकान्यासारखा. गथ्रीनं तो प्रत्येक वेळी ओळीच्या शेवटी ठेवलाय, गाताना जिथे आवाज लांबतो तिथे. सरकारी शब्द लांबवून गायला की त्याचा कोरडेपणा ऐकू यायला लागतो.

एवढी चीड कुठून आली? गथ्रीला लेबल लावून घेण्याचा अनुभव होता. तो १९१२ साली ओक्लाहोमातल्या ओकीमा गावात जन्मला. १९३५ मधल्या त्या कुप्रसिद्ध धुळीच्या वादळात तो टेक्सासच्या पॅम्पा गावात होता. शेती उडून गेलेली लाखो कुटुंबं कॅलिफोर्नियाकडे निघाली आणि तिथे त्यांना 'ओकी' म्हणायला लागले. ओक्लाहोमाचा असो नसो, फाटक्या कपड्यांतला प्रत्येक जण ओकी. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानं तर शहराचे पोलीस थेट राज्याच्या सीमेवर उभे केले, खिशात पैसे नसलेल्यांना परत पाठवायला. अमेरिकन नागरिकांना, अमेरिकेतच. गथ्रीचं 'डू रे मी' हे गाणं यावरच आहे, आणि ते विनोदी आहे. १९४० च्या 'डस्ट बोल बॅलड्स' या रेकॉर्ड्समध्ये ते ऐकायला मिळेल. मित्राला टोमणा मारावा तसं तो म्हणतो.

पण 'गरीब होता म्हणून त्याला सगळ्यांचं दुःख कळायचं' असं समजू नका. लॉस एंजेलिसच्या केएफव्हीडी रेडिओवर त्याचा कार्यक्रम होता. १९३७ मध्ये त्यानं त्यावर एक जुनं गाणं वाजवलं, ज्याच्या नावातच काळ्या लोकांसाठीची शिवी होती. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो जिथे वाढला तिथे सगळेच तसं बोलत. एका काळ्या विद्यार्थ्यानं स्टेशनला पत्र लिहिलं. गथ्रीनं ते पत्र कार्यक्रमात वाचून दाखवलं, माफी मागितली आणि तो शब्द पुन्हा वापरणार नाही असं सांगितलं. २५ वर्षांच्या गायकाला एका अनोळखी श्रोत्यानं शिकवलं की एक शब्द समोरच्याचं काय करतो. ११ वर्षांनी त्यानं एकाच शब्दाभोवती अख्खं गाणं उभं केलं. मला हा धागा त्याच्या ओकीपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी १९४७ मध्ये, म्हणजे त्या अपघाताच्या वर्षभर आधी, कोनी आयलंडच्या घरात आग लागली आणि त्याची चार वर्षांची मुलगी कॅथी गेली. लहान मुलांसाठीची त्याची कितीतरी गाणी तिच्याशी खेळताना झाली होती. त्याच्या घराण्याचा आगीशी विचित्र संबंध होता: थोरली बहीण क्लारा तो सात वर्षांचा असताना जळून गेली, वडील पुढे भाजले. 'डिपोर्टी'त यातलं काहीही नाही, आणि यामुळेच ते लिहिलं असा दावा मी करणार नाही. मात्र विमान पेटल्याचं कडवं एवढं छोटं आणि इतकं संयमी का, असा प्रश्न मला पडायचा. कॅथीबद्दल वाचल्यावर तो पडेनासा झाला.

'धिस लँड'चं थोडक्यात सांगतो, कारण वगळणं हा प्रकार त्याच्या स्वतःच्या गाण्यालाही भोवला. ते त्यानं २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यूयॉर्कच्या एका स्वस्त हॉटेलात लिहिलं. 'गॉड ब्लेस अमेरिका' रेडिओवर सारखं ऐकून वैतागल्यामुळे. मूळ कागदावर खासगी मालमत्तेच्या पाटीबद्दल एक कडवं आहे आणि सरकारी मदतीच्या रांगेतल्या भुकेल्या लोकांबद्दल दुसरं. १९४५ च्या छापील पुस्तिकेत दोन्ही नाहीत. पाटीचं कडवं असलेलं १९४४ चं रेकॉर्डिंग बाजारात आलं थेट १९९७ मध्ये. मधल्या ५० वर्षांत गाणं देशभक्तीपर होऊन शाळेत गेलं. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीआधीच्या कार्यक्रमात ८९ वर्षांच्या पीट सीगरनं लिंकन मेमोरियलसमोर ती वगळलेली कडवी मुद्दाम गाऊन घेतली. यूट्यूबवर आहे. सीगरचा चेहरा बघा.

या गाण्याची चाल गथ्रीची नाही. कार्टर फॅमिलीच्या एका जुन्या धार्मिक गाण्याची आहे. तो नेहमीच असं करायचा: लोकांच्या तोंडी असलेली चाल उचलायची, शब्द नवे घालायचे. काही अमेरिकन अभ्यासक हे जरा ओशाळून सांगतात. आपल्याला ओशाळायचं कारण नाही. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत आपल्याकडच्या पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल: अमुक अमुक' असं छापलेलं असायचं. गथ्री न्यूयॉर्कमध्ये युनियनच्या सभांमध्ये गात होता त्याच सुमारास, १९४४ मध्ये, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी मुंबईत लाल बावटा कलापथक काढलं. त्यांनीही तमाशाचा आणि पोवाड्याचा तयार साचा घेऊन त्यात गिरणी कामगार बसवला. चाल ओळखीची असली की ऐकणारा पहिल्याच ओळीला शब्दांकडे वळतो. आम्ही ऑफिसात याला 'चाक पुन्हा शोधू नका' म्हणतो.

'डिपोर्टी'ची आज सगळीकडे ऐकू येणारी चालही गथ्रीची नाही. ती मार्टिन हॉफमन या कोलोरॅडोतल्या तरुणानं साधारण दहा वर्षांनी लावली. पीट सीगरनं ती उचलली आणि गाणं पसरलं. जोन बाएझ, द बर्ड्स, डॉली पार्टन, ब्रूस स्प्रिंगस्टीन, कितीतरी जण गायले. गथ्री तोवर हंटिंग्टन या आजारानं हॉस्पिटलमध्ये होता. त्याची आईही त्याच आजारात गेली होती, सरकारी मनोरुग्णालयात. हंटिंग्टन आधी हालचाल काढून घेतो, मग बोलणं. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला.

गाणं मोठं झालं, पण नावं तशीच गायब राहिली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातलाच कवी आणि कादंबरीकार टिम झी. हर्नांडेझ जुन्या बातम्या शोधत असताना या अपघातापाशी थांबला. तो स्वतः शेतमजुरांच्या घरातला. त्यानं फ्रेस्नोच्या स्मशानभूमीचे संचालक कार्लोस रास्कोन यांच्या मदतीनं नावं शोधायला सुरुवात केली. आणि मग कळलं की नावं हरवलेलीच नव्हती. 'फ्रेस्नो बी' या स्थानिक पेपरनं त्या वेळी ती छापली होती, चुकीच्या स्पेलिंगसह का होईना. 'एल फारो' या स्थानिक स्पॅनिश पत्रात तर गावांसह यादी होती, आणि एका मृताच्या घरच्यांनी तो अंक जपून ठेवला होता. म्हणजे माहिती लोकल कॉपीत होती, पुढे सिंक झाली नाही. न्यूयॉर्कपर्यंत फक्त आकडा पोचला.

२ सप्टेंबर २०१३ रोजी, अमेरिकेतल्या कामगार दिनी, जुन्या पाटीशेजारी नवा दगड बसवला गेला. मिगेल नेग्रेते आल्वारेस. तोमास आविन्या दे ग्रासिया. सेवेरो मेदिना लारा. वेन्सेस्लाओ फ्लोरेस रुईस. रामोन पारेदेस गोन्झालेस. ग्वादालुपे रामिरेस लारा. आणि बाकीचे. यादीत हुआन आहे, मारिया आहे, हेसूसही आहे. रोसालिता नाही, पण रोसालिओ नावाचा पुरुष आहे. गथ्रीनं न बघता निवडलेल्या चार नावांपैकी तीन दगडावर निघाली. चमत्कार वगैरे काही नाही, ती नावंच तेवढी सर्रास आहेत. पण पहिल्यांदा ती यादी वाचताना मी मोबाइल खाली ठेवला होता. हर्नांडेझनं पुढे त्यांच्या घरच्यांना शोधून २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं नाव त्यानं याच गाण्याच्या ध्रुवपदातून घेतलं.

८ मे २०२० तुम्हाला आठवत असेल. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि पहाटे मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले, स्टीलच्या कारखान्यातले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला, कित्येकांनी स्टेटसला ठेवला. त्यांचीही नावं छापून आली होती. मला एकही सांगता येत नाही. १६ हा आकडा मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेन. त्याच सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की लॉकडाऊनमध्ये किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी ठेवलेलीच नाही. तिथे आकडाही नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये 'वुडी अ‍ॅट होम' नावाचं रेकॉर्डिंग आलं. १९५१-५२ मध्ये प्रकाशकानं गथ्रीला एक टेपरेकॉर्डर दिला होता आणि ब्रुकलिनच्या बीच हेवनमधल्या फ्लॅटवर बसून त्यानं स्वतःची गाणी टेप केली होती. (या बीच हेवनचा मालक फ्रेड ट्रम्प. तो काळ्या भाडेकरूंना घरं देत नाही म्हणून गथ्रीनं त्याच्याविरुद्धही वहीत ओळी लिहून ठेवल्यात. फ्रेडच्या मुलानं पुढे हद्दपारीचं काय केलं ते तुम्ही रोज वाचताच.) त्या टेपांवर एकाच मायक्रोफोननं आवाज आणि गिटार एकत्र पकडलेले होते. आता असं सॉफ्टवेअर आहे की ते दोन्ही वेगळे काढून, साफ करून पुन्हा जोडता येतात. माझ्या धंद्यातल्या कुणीतरी ते केलं, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

त्यात 'डिपोर्टी' आहे. गथ्रीच्या स्वतःच्या आवाजात, आजार पुरता उघड होण्याआधीचं. हेडफोन लावून ऐका. तो नावं घाई न करता घेतो, एक एक करून, शेजारच्या खोलीतल्या माणसांना हाक मारावी तशी.